गोळ्यांचा फायदा

नॉर्वेतल्या एका विमानतळावर पोलिसांनी माझ्यापुढे एक जबाब ठेवला. मी तिथली दुभाषी; इंग्रजीतला तो मजकूर मला कोर्टासाठी नॉर्वेजियनमध्ये करून द्यायचा होता. ‘या गोळ्यांत मला भरपूर प्रॉफिट आहे, म्हणून सहाशे आणल्या.’ खाली सही होती : दत्ताराम तांडेल, जहाजावरचा स्वयंपाकी. त्यांच्या सामानात दुखण्यावरच्या गोळ्या सापडल्या होत्या आणि त्या विकायला आणल्याचा पोलिसांना संशय होता.

काचेपलीकडे साठीचा एक माणूस गुडघा चोळत बसला होता. मला लगेच उलगडा झाला. आपल्याकडे औषधाचा ‘फायदा’ होतो. त्या फायद्यालाच त्यांनी इंग्रजी शब्द शोधला होता.

“गोळ्यांनी दुखणं थांबतं, एवढंच म्हणायचंय त्यांना,” मी अधिकाऱ्याला सांगितलं. “मी मराठी आहे, मला कळतं ते.”

“शक्य आहे,” तो म्हणाला. “तुमचं म्हणणं मी कोर्टाला कळवीन. पण सही या कागदावर आहे. भाषांतर लिहिलंय त्याचंच हवं.”

“कोर्ट कधी?”

“तीन आठवड्यांनी.”

तांडेलांचं जहाज दुसऱ्याच दिवशी सुटणार होतं. मी ‘फोर्टयेनेस्ते’ लिहिलं. विक्रीतून होणाऱ्या कमाईला तिथे हाच शब्द आहे. दुसरा कुठलाही शब्द घातला असता, तर मी खोटी ठरले असते.

मग मी आत गेले. मराठी ऐकताच ते धडपडत उठले.

“ताई, सगळं मीच लिहिलं, कुणाला विचारलं नाही. इंग्रजी बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे, काका.”

“मग सोडतील आता,” ते म्हणाले आणि कोटाची बटणं लावू लागले.