बाविसावा आठवडा

पाळण्याच्या चारही बाजू जोडून झाल्या होत्या. तळाची फळीही बसली होती. खालच्या दोन डोलत्या पट्ट्या तेवढ्या राहिल्या होत्या, आणि सिप्रियन सुतार त्या घासायला घेणार एवढ्यात त्याच्या मुलाची, फर्डिनंडची, बाइक दारात थांबली.

पापडी गावात जन्मलेलं पोर सिप्रियनच्या पाळण्यात निजायचं आणि मेलेलं माणूस सिप्रियनच्या पेटीतून कबरस्तानात जायचं. चाळीस वर्षं हाच धंदा. पण स्वतःच्या नातवंडासाठी रंधा धरायची ही पहिलीच खेप, त्यामुळे पंधरा दिवस स्वारी हवेत होती. फणसाचं लाकूड त्यानं मुद्दाम गास गावाहून आणलं होतं.

फर्डिनंड आत आलाच नाही. ओट्यावर बसला आणि हातातल्या हेल्मेटकडे बघत राहिला. आत आली ती सून, लूर्डस. सोनोग्राफीचं मोठं पाकीट तिच्या हातात होतं.

"काय म्हणाले डॉक्टर? सगळं ठीक ना?"

"बाळाला डोक्याची कवटीच नाही, पप्पा." बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. "वरचं डोकं झालंच नाही. जन्मलं तर तासभर जगेल, फार तर दिवसभर."

सिप्रियननं हातातली पट्टी खाली ठेवली.

"मग... काढता नाही येत?" असला शब्द आपल्या तोंडून कधी निघेल असं त्याला जन्मात वाटलं नव्हतं.

"कायद्यानं विसाव्या आठवड्यापर्यंतच. मला बाविसावा लागलाय. त्यापुढे आईच्या जिवाला धोका असेल तरच." ती हसली. ते हसू बघवत नव्हतं. "माझ्या जिवाला काही धोका नाही. बीपी चांगलं, रक्त चांगलं. मी ठणठणीत आहे ना, तिथंच सगळं फसलं. आता चार महिने पोटात वाढवायचं आणि ऑक्टोबरात पुरायचं."

सुताराला मोजपट्टीवरच्या दोन सुतांचा फरक कळतो, मग दोन आठवड्यांचा कळायला कितीसा वेळ लागणार? अठराव्या आठवड्यात, मे महिन्यात, सोनोग्राफीचा दिवस ठरलेला होता. नेमकं तेव्हाच टिफनीचं, त्याच्या लेकीचं, लग्न. घरची एकुलती एक वहिनी. पाहुण्यांच्या पंगती तिच्याशिवाय कोण बघणार? 'लग्न उरकू दे, मग जा,' असं सांगणारा सिप्रियनच. 'आमच्या वेळी कुठं होते पोटातले फोटो? पोर काय पळून जातंय?' सगळे हसले होते. लूर्डससुद्धा. लग्न उरकलं, मग नव्या जावयाचं जेवण आलं, मग पाहुण्यांची पांगापांग. कुणालाच घाई नव्हती.

"माझ्यामुळे झालं हे, पोरी," तो म्हणाला. "मला आधी कळलं असतं तर..."

"तर काय, पप्पा? तुम्ही पाठवलं असतं मला काढायला?"

"पाठवलं असतं. देवाशपथ पाठवलं असतं."

लूर्डसनं त्याच्याकडे पाहिलं. तिला ते खरं मानायचं होतं. त्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात गावातली थेरेसा दारात उभी राहिली. हातात सह्यांचे कागद. पोटातल्या बाळात व्यंग असलं तर वीस आठवड्यांची मर्यादा वाढवावी की नाही, यावर सध्या पेपरांत वाद पेटला होता. ती वाढवू नये म्हणून थेरेसा चार दिवस घरोघर फिरत होती. बाई मनानं वाईट नव्हती. गावात कुणाचं बाळंतपण असो, सगळ्यांत आधी गरम पेजेचं भांडं घेऊन हीच धावायची.

"अगं लूर्डस, बरी भेटलीस!" तिनं लूर्डसच्या पोटावरून हात फिरवला. "कोण आहे गं आत, मुलगा की मुलगी? ही सही तर तूच करायला हवीस. पोटुशीची एक सही म्हणजे दहा जणांच्या बरोबरीची."

लूर्डसनं कागद घेतला आणि सावकाश वाचला. कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही व्यंगासाठी, एकही आठवडा वाढवून देऊ नये. मग तिचं बोट सह्यांवरून खाली सरकलं आणि तिसऱ्या नावाशी थांबलं.

सिप्रियनला ते नाव वाचायची गरज नव्हती. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात त्यानंच ते लिहिलं होतं. पेन हाताशी नव्हतं म्हणून खिशातल्या जाड सुतारी पेन्सिलीनं. सगळ्या निळ्या सह्यांत ती एक काळी सही लांबूनही ओळखू येत होती.

लूर्डसनं कागद परत दिला.

"आमच्या घरातली एक झालीय, आंटी. तेवढी पुरे."

"बरं बरं, दमलेली दिसतेस. जप हो," म्हणत थेरेसा पुढच्या घराकडे वळली.

"तेव्हा मला माहीत नव्हतं गं," सिप्रियन कसाबसा म्हणाला.

"कुणाच्या तरी सुनेचं बाळ तर तसं असणारच होतं ना, पप्पा."

हातांना काहीतरी हवं म्हणून त्यानं एक डोलती पट्टी उचलली आणि पॉलिशपेपर शोधू लागला. लूर्डस जवळ आली. तिनं ती पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली, दुसरीच्या शेजारी भिंतीला टेकून ठेवली आणि पाळण्याच्या गुळगुळीत काठावरून एकदा हात फिरवला.

"या लावू नका," ती म्हणाली. "फक्त झाकण करा."