लिनक्सवरचा नेम

सकाळपासून मंजुषाचा एकही नेम बसला नव्हता. समोरचा गडी भिंतीआडून निघायचा, ती गोळी झाडायची आणि गोळी भलतीकडेच जायची. मग तोच तिला टिपून मोकळा व्हायचा. हेडफोनमध्ये टीममधली पोरं हसत होती. रविवारी चंद्रपुरात जिल्ह्याची गेमिंग स्पर्धा होती. मूल गावच्या बसस्टँडजवळच्या बॅनरवर 'पक्की नेमबाज' म्हणून जिचा फोटो लागला होता, ती ही अशी.

सगळ्यांनी खापर लिनक्सवर फोडलं. गेल्या आठवड्यात तिनं विंडोज पुसून ते टाकलं होतं. फुकटचं, आतला कोड कुणीही उघडून वाचावा असं. तिला किळस आली होती, दुसरं काही नाही. गावात कॉम्प्युटर घेतला की रोशनच्या दुकानातून विंडोज मारून आणायची, ही रीत. चोरीचीच ती. तिच्यासोबत गाणी, पिक्चर, आणखी काय काय तो न मागता भरून द्यायचा, आणि लोक वर त्याला भला माणूस म्हणायचे. एकदा बाबा शेजारी बसलेले असताना पडद्यावर जुगाराच्या आणि नागड्या बायांच्या जाहिराती उघडल्या. त्या दिवसापासून मंजुषाला ते यंत्र शिवावंसं वाटेना.

दुपारी रोशन स्वतःच घरी आला, पेनड्राइव्ह घेऊन. टीमचा कॅप्टनही तोच.

"ताई, पोरं म्हणतात तुले काढा. मी म्हटलं, थांबा, विंडोज मारून देतो, मंग पाहा."

"लिनक्सनं नेम काऊन जाईन? मशीन तं पयल्यापेक्षा जोरात चालून राह्यली."

"जोराचं कोण विचारते? नेम बसते का, ते सांग."

तो हसला. ते हसू मंजुषाला खटकलं. तिनं पेनड्राइव्हकडे बोट दाखवलं.

"याच्यात काय हाय?"

"विंडोज. अन् तुह्यावालं ते."

"माह्यावालं कोणतं?"

रोशननं एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नेम लावाचं. बंदूक गड्याजवळ नेली का आपोआप चिपकते. पयल्या दिवशीच टाकून देल्लं होतं तुह्या मशीनमधी, विंडोजसंग तेबी पुसल्या गेलं. पोरगी टीममधी घेतली म्हणून लोक हासत होते ना. म्हटलं, बिचारीची लाज राहावी."

प्रसाद वाटावा तसं तो हे सांगत होता. जिंकल्यावर मंजुषा आपल्या बोटांकडे किती कौतुकानं पाहायची. दुसऱ्यानं चावून दिलेला घास आपण मिटक्या मारत खाल्ला, असं तिला झालं.

"बाकीच्यायच्या मशीनमधी?"

"समद्यायच्या हाय. त्यायनं मागून घेतलं. तुले फक्त सांगतलं नाई."

एवढं बोलून त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि पेनड्राइव्ह लावायला हात केला.

"हात नको लावू," मंजुषा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

तिनं हेडफोन चढवला आणि डाव सुरू केला. गडी भिंतीआडून निघाला. गोळी भिंतीला लागली. पुढच्या क्षणी मंजुषा आडवी. हेडफोनमधलं हसणं मागे उभ्या रोशनलाही ऐकू गेलं.

"पाह्य," तो म्हणाला, "रविवारी समद्यायसमोर असंच होईन. काऊन हसं करून घेतं आपलं?"

मंजुषानं वळून पाहिलं नाही. तिनं पुढचा डाव लावला.

"इतके दिवस जो जितत होता, तो तू होता, रोशनभाऊ. आता जी हरून राह्यली, ती मी आहो."