माशांनी दिलेला निकाल

डोंगराच्या दोन्ही अंगांना एकेक झरा आणि एकेक टोळी. समोरचे जमिनीखालून आपलं पाणी पळवतात, एवढ्यावरून तीन वर्षांत अकरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. आज दोन्ही टोळ्यांनी निकाल पाळण्याची हमी म्हणून बंदुका पंचाच्या पायाशी ठेवल्या आणि राजधानी सनातल्या विद्यापीठातून झऱ्यांतले मासे तपासायला आलेल्या अरवाकडे पाहिलं.

“काय म्हणतात गं तुझे मासे?” म्हाताऱ्या मुसअदने टोमणा मारला.

“काका, दोन्ही झऱ्यांतल्या माशांची जनुकं ताडून पाहिली. त्यांच्यात इतका फरक पडायला तीन लाख वर्षं लागतात. म्हणजे तेव्हापासून इकडचा मासा तिकडे गेलेलाच नाही. खालून वाटच नाही. कुणीच कुणाचं पाणी चोरलेलं नाही.”

मग मुसअद उठला आणि ढिगातून स्वतःची बंदूक ओढू लागला.

“काका, भांडण मिटलं ना आता?”

“पाण्यापायी माझे दोन मुलगे गेले, ते मी सोसलं, पोरी. ते उगाच मारले गेले, हे कसं सोसू?”

समोरच्या टोळीतल्या म्हाताऱ्याने ढिगातून आपली बंदूक आधीच उचलून तिच्यात गोळी केव्हाच सरकवली होती.