अठराव्या भोकापुढचं पाणी

"टाळी वाजवू नका मामीजी, तो मारून राहिला," नीतू कुजबुजली.

"टाळी कोन वाजवते? मच्छर मारली," सावित्रीबाई म्हणाल्या. "येवढा धिप्पाड मानूस, अन् येवढासा गोटा भोकात टाकाले चार दिवस लावते. याच्या मायनं याले घरचं काही काम सांगतलं नाई का?"

दोरीपलीकडच्या स्वयंसेवकाने 'शांत राहा' लिहिलेली पाटी त्यांच्याकडे वळवली. सावित्रीबाईंनी पदर तोंडावर धरला.

बिरसीच्या विमानतळापासून पंधरा मिनिटांवरचं हे मैदान गेल्याच वर्षी झालं. आता तिथे व्यावसायिक खेळाडूंची पहिली स्पर्धा चालू होती. नीतू गोंदियाच्या दैनिकाची बातमीदार. आजवर तिने कबड्डी आणि शाळांची स्नेहसंमेलनं लिहिली होती. गोल्फ पहिल्यांदाच. मैदानाला लागून मामाचं गाव, म्हणून चार दिवस मुक्काम मामाकडे.

तीन दिवसांत ती बर्डी कशाला म्हणतात ते शिकली. मीडियाच्या मांडवात कोणाला कुठे बसवतात तेही शिकली. गुरुवारी तिची खुर्ची पार मागे, पंख्याचा वारा पोचत नाही तिथे होती. शनिवारी ती पहिल्या रांगेत होती. मैदान चालवणाऱ्या कंपनीतर्फे पत्रकारांची सरबराई पाहणारा हिमांशु म्हणायचा, "लोकल माणसाला आम्ही मान देतो." पुढच्या मोसमासाठी त्यांना इथलंच कोणीतरी कायमचं हवं होतं, हेही तो दोनदा बोलला होता.

मैदानाची शोभा म्हणजे अठराव्या भोकापुढचा तलाव. चेंडू पाण्यात पडला की शिंतोडा टीव्हीवर सुंदर दिसतो. म्हणून स्पर्धा संपेपर्यंत तलाव काठोकाठ ठेवायचा, असं कंपनीचं म्हणणं. तलाव मात्र गावाचा, पिढ्यांपूर्वी गावानेच खोदलेला. खाली बांध्यांना, म्हणजे उन्हाळी धानाच्या खाचरांना, भेगा पडायला लागल्या होत्या.

नीतूचे मामा शालीकराम गावाचे पानकर. तलावाचं पाणी कधी सोडायचं, कोणाच्या बांधीत आधी, हे पानकराने ठरवायचं आणि गावाने ऐकायचं. पाणी सोडायची मोरी म्हणजे तुडूम. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, एका टोकाला मोठं, दुसऱ्या टोकाला लहान.

गुरुवारी आणि शुक्रवारी रात्री, दोन वेळा शालीकराम माणसं घेऊन तुडूम खोलायला गेले. दोन्ही वेळा कंपनीचे गार्ड त्यांच्या आधीच तिथे बसलेले. दुसऱ्या वेळी एक गार्ड म्हणाला, "आइए काका, आपकी ही राह देख रहे थे."

गावाला अर्थ कळायला वेळ लागला नाही. शालीकरामांचा मुलगा खेमराज त्याच मैदानावर गवत कापायच्या मशीनवर कामाला होता.

"पानकराच्या घरालेच भोक आहे," पानठेल्यावर भैय्यालाल म्हणाला. "गोटा बराबर त्याच्यात जाते."

लोक हसले. शालीकराम हसले नाहीत. सोमवारी गाव बैठकीला बसणार होतं. पाणीही नाही आणि घरचा माणूसही फितूर निघाला, तर पानकी दुसऱ्याकडे जाणार आणि खेमराजला गावात कोणी उभं करणार नाही. बांध्यांतलं धान सोमवारची वाट पाहणार नव्हतं.

शनिवारी दुपारी पाळीवर बसून त्यांनी नीतूला सांगितलं. "उद्या अकरा वाजता. शेवटचे खेळनारे अठराव्या भोकावर येतीन. कॅमेरे चालू राहतीन. तवा लहान तुडूम खोलतो. कॅमेऱ्यापुढं गार्ड आमाले हात लावनार नाई. तू तेवढी संगं राहा. पेपरात आलं पायजे."

नीतूने वही मिटली. एक अक्षर लिहिलं नाही.

"खेमराजला माहीत आहे, मामाजी?"

"त्याचं नाव काऊन काढतेस?"

"मी नाही काढत. गाव काढून राहिलं."

उठताना शालीकरामांनी रीतीप्रमाणे वाकून तिच्या पायांना हात लावला. इकडे भाची म्हणजे देवच. सावित्रीबाई मागून टोपली घेऊन येत होत्या. "भाचीले सारं खरं सांगतलं ना?" त्या म्हणाल्या. "तिच्याशी खोटं बोलला त वर बी थारा नाई भेटत."

संध्याकाळी मांडवात हिमांशुने तिच्यापुढे कॉफी ठेवली.

"उद्या काही विशेष?"

"शेवटचा दिवस आहे. विशेष असणारच."

दोघंही हसले.

रविवारी शेवटची जोडी अठराव्या भोकाकडे निघाली. खेळाडू वाकून गवताचा उतार पाहत होता. शेकडो माणसं श्वास रोखून. शालीकराम आणि नीतू पाळीवरून लहान तुडमाकडे चालत आले.

तुडमाजवळच्या पळसाखाली गार्ड बसलेले. नीतूने मोजले. अकरा. मैदानावरचे असतील नसतील तेवढे सगळे.

तिच्या गळ्यातलं कार्ड वाऱ्याने उलटं झालं. तिने ते सरळ केलं.

"मामाजी," ती हळूच म्हणाली, "बोलायला वाईट वाटते. पण बातमी घरातूनच गेली. लोकं खोटं नव्हते बोलत. तुम्ही म्हणाल तर खेमराजशी मी बोलते. त्याला माफ करा."

शालीकराम गार्डांकडे बघत नव्हते. ते पाळीच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होते. तिकडून लोकांचा कालवा ऐकू आला. खाली शेतांकडे जाणाऱ्या नहराच्या कडेने बायका धावत सुटल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे पाणी. मोठ्या तुडमावर कमरेइतक्या पाण्यात खेमराज उभा होता. गार्ड दचकून उठले आणि तिकडे पळाले. तेवढ्यात अठराव्या भोकावर टाळ्या झाल्या.

शालीकरामांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

"खेमराजले मी मोठं तुडूम सांगतलो होतो," ते म्हणाले. "लहान तुडूम फक्त तुलेच सांगतलो, बाई."