रुमालांची रांग

नेटवर्क दुरुस्त करणारा विश्राम धुमाळ चौथ्या मजल्यावर पोचला, तेव्हा कानामागे कातडीखाली बसवलेलं यंत्र त्याचं डोकं खातच होतं. ऑफिसात सगळ्यांनाच ते बसवलेलं होतं. कामाच्या सूचना थेट डोक्यात यायच्या, अगदी जेवतानासुद्धा. इथल्या एका कोपऱ्यात सिग्नल पोचत नव्हता. तिथे बूस्टर लावायचा, एवढंच काम.

लोखंडी कपाटांच्या मागे तो वळला आणि डोक्यातला आवाज थांबला. समोर खुर्चीत अकाउंट्सच्या नलावडेबाई मान टाकून बसल्या होत्या. शेजारच्या टेबलावर ओळीने रुमाल टाकलेले, एसटीत जागा धरतात तसे.

बाईंनी एक डोळा उघडून त्याच्या हातातला बूस्टर पाहिला.

"तिसऱ्या मजल्यावरचा कोपरा गेला. आता एवढाच उरलाय हो."

कितीतरी वर्षांनी विश्रामला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"साहेबांना काय सांगू?"

"सांगा, भिंत जाड आहे."

त्याने बूस्टर पिशवीत कोंबला. मग खिशातून घामेजलेला रुमाल काढला, झटकला आणि ओळीत सगळ्यात शेवटी टाकला.