जागेचा मालक

गॅसचं बिल भरायला जहिदाबींनी मोबाईलमधल्या स्टोअरवरून एक ॲप घेतलं. ते बनावट निघालं आणि मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी बँकेत साठवलेले सगळे पैसे गेले. नाशिक रोडहून त्या तडक पोलीस ठाण्यात आल्या.

"चोर परराज्यातला असणार, मावशी. हाती लागणं कठीण," हवालदार म्हणाले.

"पण मी चोराकडून कुठं घेतलं? स्टोअरमधून घेतलं. त्यांना का नाही विचारत?"

"त्यांचा काय संबंध? ते नुसती जागा देतात. आत कोण येऊन बसतं, ते कुठं कुठं बघणार?"

जहिदाबींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तक्रार नोंदवायची होती. हवालदारांनी लिहायला घेतलं.

"घरात तुमचा मोबाईल आणखी कोण हाताळतं?"

"मी आणि मुलगी, बस. माडीवर दोन पोरं भाड्यानं राहतात, सातपूरला कंपनीत जातात. पण ती कधी खाली येत नाहीत."

हवालदारांचं पेन थांबलं. "भाडेकरूंची माहिती ठाण्यात दिलीय?"

"नाही. का? काही केलं का त्यांनी?"

"केलं नसेलही. पण माहिती दिली नाही, तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. जागा देताना ती कोणाला देतोय, हे मालकानंच बघायचं असतं."

जहिदाबी उठून उभ्या राहिल्या.

"करा दाखल. पण हे आत्ता बोललात ना साहेब, ते आधी माझ्या तक्रारीत लिहा."