खालची पट्टी

"म्हातारा झालाय तो गायक, आवाज गेलाय त्याचा, दुसरं काय! म्हणून तर नवी गाणी सगळी खालच्या पट्टीत." मर्व्हने बिअरचा ग्लास टेबलावर आपटला. न्यूकॅसलच्या क्लबात आज 'ड्राय डॉक' बँड गाणार होता, आणि मर्व्ह पोलादाच्या कारखान्यात लागला तेव्हापासूनचा त्यांचा भक्त.

"मला आवडली बाई नवी गाणी," त्याची मेहुणी ग्लेनिस म्हणाली. "त्याला म्हातारा म्हणतोस, आणि तू रे? परवा बुटाची नाडी बांधायला वाकलास, तर उठवायला मी लागले."

बँडने नव्या गाण्यानेच सुरुवात केली. ग्लेनिससकट अख्खा हॉल बरोबर गायला लागला. मर्व्ह तेवढा हाताची घडी घालून बसला. गाणं संपताच तो ओरडला, "हिंमत असेल तर जुनं म्हण! मूळ पट्टीत!"

गायक हसला. त्याने गिटारवाल्याला खूण केली आणि जुनं गाणं धरलं. शेवटच्या उंच ओळीला त्याचा आवाज सरळ वर चढला आणि तिथेच टिकला. सवयीने सगळ्यांनी सूर लावला. मर्व्हचा फाटला, ग्लेनिसचा चिरकला, मागच्या टेबलांवर तर नुसता खोकला. ओळ संपेपर्यंत हॉलमध्ये एकच आवाज उरला होता.

गायकाने घाम पुसला आणि मर्व्हकडे पाहिलं.

"जातो की रे मी अजूनही वर. पण हल्ली तिथं मी एकटाच असतो."